लंडनमधले दहा टक्के

राउमा, ४ सप्टेंबर २०२२

इस्मो,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पुढे टालिनचा बुरूज आणि मागे दोन शब्द: "आणखी कोण?" मी जुलैत तुला चार पानं लिहिली, त्यांचं हे उत्तर! तिकीट लावायला जीभ फिरवलीस, त्याहून कमी वेळ मजकुराला दिलास.

कर कार्यालयात तुझी चुगली तुझ्या मित्राने, राउनोने केली हे मी चार पानांत सिद्ध करून दाखवलं होतं. तरी तू विचारतोस, आणखी कोण? ठीक आहे, पुन्हा सांगते. जूनमध्ये कर कार्यालयाचा लिफाफा आला तेव्हा तू तुझ्या या बहिणीच्याच स्वयंपाकघरात होतास. वाटाण्याचं सूप पुढ्यात होतं. तू कागद वाचलास, चमचा खाली ठेवलास आणि म्हणालास, "कोणीतरी बोललंय." कागदात सगळं होतं: लंडन, ऑक्टोबर, पोकरची कुठली स्पर्धा, तू कितवा आलास. एवढं कोणाला माहीत? तुझ्याबरोबर लंडनला कोण होतं? शेजारच्या टेबलावर कोण खेळत होतं? मी तेव्हाच म्हटलं, "राउनो!" तू चमचा पुन्हा उचललास. मला वाटलं, तुलाही पटलं.

आणि तो लिफाफा विसरलास का? तुझ्या कराची बातमी कळल्यावर दोनच दिवसांनी राउनोने माझ्या टपालपेटीत नोटांचा लिफाफा टाकला. वर लिहिलेलं: "माझे दहा टक्के." तुम्हा दोघांची ती जुनी रीत मला ठाऊक आहे. परदेशी खेळायला गेलात की तुझ्या डावात त्याचा दहावा वाटा, त्याच्या डावात तुझा. जिंकल्यावर वाटा घेतला ते समजू शकते. पण दुसऱ्याच्या कराचा दहावा वाटा कोण आपणहून आणून देतं? चोराच्या मनात चांदणं. मी लिफाफा तसाच त्याच्या दाराच्या फटीतून परत आत सरकवला.

राग तर मलाही येतो रे. वीस वर्षं तू लंडनला जातोस. तिथे जिंकलेलं इथे कधी कोणी मोजलं नाही. टालिनला जिंका, माल्टाला जिंका, प्रागला जिंका, सगळं माफ, कारण ते युरोपातल्या देशांच्या संघात, आपल्या रेघेच्या आत. लास वेगासला जिंकलं तर मात्र पगारासारखा कर. एवढं तर पोकर न खेळणाऱ्या मलाही पाठ होतं. मग इंग्रज त्या संघातून उठून बाहेर गेले आणि रेघ सरकली. तू तेच विमान धरलंस, त्याच खुर्चीत बसलास, आणि तुझ्या नकळत लंडन लास वेगास झालं. वर्तमानपत्रात तू फक्त हॉकी वाचतोस, ही तुझी चूक. पण तुला पकडून देणारा वेगळा आहे, हे डोक्यात ठेव.

जेवतोस ना नीट? तिथे राय धान्याची काळी पाव-भाकरी आपल्यापेक्षा गोड असते म्हणतात.

सेया


राउमा, २५ सप्टेंबर

इस्मो,

पुन्हा "आणखी कोण?" या वेळी चित्रात मांजर आहे. मांजर माझ्याकडे बघत राहतं, म्हणून कार्ड पालथं ठेवलंय.

बरं. राउनो एकटा नसेल. समोरची मार्केता धर. गेल्या नोव्हेंबरात तू माझ्या घरावर नवं पत्र्याचं छप्पर घालून दिलंस, तेव्हा ती रोज खिडकीत उभी राहून पत्रे मोजायची. एकदा कुंपणापाशी मला म्हणाली, "सेया, निवृत्त झालेल्या शाळेच्या स्वयंपाकिणीला बरी पेन्शन मिळते गं!" मी म्हटलं, भावाने घातलंय. तर म्हणते कशी, "भावाने? त्याची कमाई तर शून्य आहे. मी विचारून बघितलंय कर कार्यालयात."

हे तुला कधी सांगितलं नाही. तुला काय, तू टालिन आणि माल्टा करत फिरायचास. इथे मात्र नोव्हेंबर आला की कर कार्यालय सगळ्यांची कमाई जाहीर करतं आणि गाव ती यादी वाचतं. माफ असलेला पैसा यादीत येत नाही. म्हणून दरवर्षी तुझ्या नावापुढे भोपळा. सहकारी दुकानात रांगेत उभी राहिले की मागून ऐकू येतं, "ही शून्याची बहीण." कोणी म्हणतं, गाडी कुठून आली? कोणी म्हणतं, रशियातून काहीतरी आणून विकत असेल. माझ्या भावाबद्दल! जो कधी नऊच्या आत उठला नाही तो तस्करी काय करणार?

तर मार्केतावर माझा संशय आहे. तिला लंडन कसं कळलं, ते मला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही. म्हणजे, "मोठ्या शहरात जिंकला" एवढं म्हटलं असेन.

आणखी एक. एप्रिलमध्ये या घरातून कर कार्यालयाला फोन गेला होता, तो माझ्या गुडघ्याच्या औषधांच्या खर्चाबद्दल होता. तू विचारलं नाहीस, पण फोनचं बिल बघून उद्या कोणी पराचा कावळा करायला नको.

सेया


राउमा, १६ ऑक्टोबर

इस्मो,

तुझा मित्र येऊन गेला. आधी सांगते, मी बोलावलं नव्हतं.

दुपारी दारावर टकटक झाली. बघते तर राउनो, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा. मी म्हटलं, "कशाला आलास?"

"मासा जास्त झाला."

"मग बोट क्लबात वाट."

"क्लबात कोणी घेत नाही," तो म्हणाला. "सौनात, त्या गरम वाफेच्या खोलीत, मी वरच्या बाकावर बसलो की बाकीचे खालच्या बाकावर उतरतात. छान जागा मिळते पाय पसरायला."

याचं कारण तुला ठाऊक आहे. चुगलखोर कोण ते मी क्लबाच्या कॉफीला सांगितलं होतं. लोकांना माहीत असायला हवं. तरी माणूस दारात उभा असताना कॉफी न देणं मला जमत नाही. तो आत आला, बसला, तीन कप प्यायला आणि त्या तीन कपांत मिळून चार वाक्यं बोलला. कपाकडे न बघता माझ्याकडे बघत होता. तुम्ही पोकरवाले असेच बघता, समोरच्याच्या मानेची शीर मोजल्यासारखे.

शेवटी मीच चिडून म्हटलं, "तुझी बाजू मांडायची असेल तर मांड की!"

"नाही मांडायची."

"का?"

"आमच्या खेळात एक सोय असते, सेया. काही लावायचं नसेल तर 'चेक' म्हणायचं आणि पाळी समोरच्याला द्यायची. समोरच्याकडे खोटे पत्ते असले की तोच बोलत सुटतो, वाढवत जातो. आपण नुसतं बसायचं."

मी विचारलं, "म्हणजे माझ्याकडे खोटे पत्ते आहेत?"

तो म्हणाला, "मासा आजच खा." आणि बूट घालताना, अगदी सहज, "एप्रिलमध्ये तुझा गुडघा कसा होता?"

इस्मो, गुडघ्याचं मी फक्त तुला लिहिलं होतं. तुझं आणि त्याचं बोलणं होतं का? तुम्ही दोघं मिळून काही शिजवताय का? मला वाटत होतं तू त्याच्याशी नातं तोडलंस. खरं काय ते एका ओळीत लिही. दोन शब्दांत नको.

मासा चांगला होता. मार्केताच्या मांजराला दिला असता, पण चांगला होता.

सेया


राउमा, ९ नोव्हेंबर

इस्मो,

आज यादी आली.

सकाळी सातला पेपर उघडला आणि तुझं नाव शोधायची गरजच पडली नाही. जिल्ह्यातले जास्त कमावणारे, त्यात तू, जहाजाच्या कारखान्याच्या साहेबाच्या खाली आणि दातांच्या डॉक्टरच्या वर. इस्मो सालमेला. भोपळा गेला.

दुकानात गेले तर रांगेतली बायकामाणसं बाजूला झाली. मार्केता म्हणाली, "अगं, तुझा इस्मो तर मोठा माणूस निघाला!" बारा वर्षं हे वाक्य ऐकायची मी वाट बघत होते. आणि ऐकल्यावर माझ्या हातातून अंड्यांचा खोका पडला. सहा फुटली. मी भरपाई देते म्हटलं, तर गल्ल्यावरची पोरगी म्हणाली, राहू द्या, सालमेलाबाई. आजवर मला कोणी अंडं माफ केलेलं नाही.

ते नाव यादीत यावं म्हणून तुला बक्षिसाची निम्मी रक्कम करात मोजावी लागली. गाडी विकलीस, बोट विकलीस, आणि सत्तावन्नाव्या वर्षी टालिनला कोणाच्या तरी मागच्या खोलीत राहतोस. आणि मी तुझ्या पैशांच्या छपराखाली कोरडी बसलेय.

तुझं तिसरं कार्डही आलंय. तेच. मी बाकी सगळ्यांची नावं लिहून काढली. राउनो, मार्केता, लंडनच्या विमानात तुझ्या शेजारी बसलेला कुणी वकील, तुझी आधीची बायको. एकेक खोडत गेले. आज पुढे लिहवत नाही.

सेया


राउमा, २० नोव्हेंबर

इस्मो,

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मीच.

आता सांगते, मध्येच पत्र फेकू नकोस. एप्रिलमध्ये कार्यालयाने आधीच भरलेलं तुझं कर-पत्रक नेहमीसारखं माझ्या पत्त्यावर आलं. काही बदलायचं नसेल तर गप्प बसायचं, एवढंच त्यात काम. दरवर्षी मी तेच करत आले. पण या वेळी तो भोपळा बघून माझं डोकं फिरलं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं किती बटाटे सोलले हेसुद्धा मी वहीत लिहिलं, आणि माझा भाऊ लंडनमध्ये तीनशे लोकांना हरवून येतो तर त्याची ओळ कोरी? माझं म्हणणं एवढंच होतं की माफ तर माफ, पण कुठेतरी लिहिलेलं असावं. कोणी विचारायला गेलं तर कार्यालयाने सांगावं की हा माणूस रिकामटेकडा नाही, जिंकतो.

म्हणून फोन केला. गुडघ्यासाठी नाही. गुडघा ठणठणीत होता.

फोनवर एक गोड आवाजाची मुलगी होती. मी तिला म्हटलं, "माझ्या भावाने पोकरमध्ये मोठं बक्षीस मिळवलंय, पण पत्रकात ते कुठेच दिसत नाही. ते कुठे लिहायचं?"

ती म्हणाली, "कुठे मिळालं होतं बक्षीस?"

"लंडनला!" मी असं म्हटलं जसं काही मीच खेळले.

"कधी?"

"गेल्या ऑक्टोबरात."

मग ती जरा थांबली. मला वाटलं, भारावली. तिने तुझं नाव विचारलं. मी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, कारण लोक आपल्या आडनावात नेहमी चूक करतात. स्पर्धेचं नाव सांगितलं. तुझा नंबरही सांगितला. ती म्हणाली, "फार आभारी आहे, नोंद घेते." फोन ठेवून मी स्वतःसाठी दालचिनीचा पाव भाजला, एवढी खूष होते. रेघ सरकल्याचं तुझ्यासारखं मलाही माहीत नव्हतं. ते जूनमध्ये कळलं, तू चमचा खाली ठेवलास तेव्हा.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तू "कोणीतरी बोललंय" म्हणालास आणि मला एप्रिलचा फोन आठवला. तोंडातून निघालं, "राउनो!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. ते नाव एकदा बाहेर पडल्यावर त्याला पुरावे जोडत बसले. क्लबात सांगितलं. लिफाफा परत केला. एका भल्या माणसाला सौनात एकटं बसवलं. तुला फसवलं त्यापेक्षा हे वाईट आहे, मला कळतं. कर चुकून लागला, पण राउनोचं नाव मी जाणूनबुजून घेतलं. मला भीती वाटली की तू उठून जाशील आणि परत येणार नाहीस. तसाही गेलासच.

तुला वाटेल ते लिही. फक्त "आणखी कोण" लिहू नकोस. आता कोणी उरलं नाही.

तुझी सेया


राउमा, ४ डिसेंबर

इस्मो,

पंधरा दिवस झाले, तुझं काही नाही. म्हणून तुझ्या उत्तराची वाट न बघता मी राउनोकडे गेले. जाताना दालचिनीचे पाव नेले, तेच ते.

दारातच सगळं सांगून टाकलं, नाहीतर आत गेल्यावर धीर सुटला असता. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आत ये, थंडी येते."

"तू ऐकलंस ना मी काय म्हणाले?"

"ऐकलं. जूनमध्येच."

"जूनमध्ये?"

"इस्मोने कार्यालयातून कागद मागवले. आपल्या फायलीतलं आपल्याला दाखवावं लागतं त्यांना. त्यात लिहिलंय: बहिणीने फोनवरून कळवलं, नाव एकेक अक्षर सांगून." आणि हा माणूस हसला. "इस्मो म्हणाला, स्पेलिंग बरोबर आहे, म्हणजे सेयाच."

तू मला बघायला हवं होतंस. मी पावांची पिशवी त्याच्या टेबलावर आपटली. "पाच महिने! पाच महिने मी रात्री कूस बदलतेय, आणि तुम्ही दोघं मजा बघताय?"

"मजा नव्हती," तो म्हणाला. "मला सौनात बोलायला कोणी नव्हतं. इस्मोला मी म्हटलं, सांगून टाक तिला की कळलंय. तो म्हणाला, नको. आपण सांगितलं तर ती मान्य करेल, पण तिने स्वतःहून सांगितल्यासारखं होणार नाही. तिचे पत्ते तिला उघडू दे."

म्हणजे तुझी कार्डं! "आणखी कोण?" तू मला चेक करत होतास. पाळी माझ्याकडे ढकलून बसून राहिलास आणि मी वाढवत सुटले. सख्ख्या बहिणीशी पोकर खेळलास, निर्लज्जा. मी तुझ्यावर भयंकर चिडलेय, हे लिहून ठेवते. चिडायचा हक्क मला नाही, हेही लिहून ठेवते.

काल क्लबाच्या कॉफीला गेले. सगळे होते. उभी राहिले आणि म्हटलं, चुगली राउनोने केली नाही, मी केली. मार्केताच्या हातातला चमचा कपात राहिला. मग क्लबाचा म्हातारा कप्तान म्हणाला, "राउनो, सौना तापलाय, येतोस का?" आणि पाचजण त्याच्याबरोबर उठले. माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. बरोबरच आहे.

निघताना राउनो माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "सेया, त्या फोनचे दहा टक्के माझे."

मी म्हटलं, "हे काय नवीन?"

"लंडनला इस्मोमध्ये माझे दहा टक्के होते. जिंकण्यात घेतले, करात द्यायला आलो तर तू लिफाफा परत केलास. आता दोषात घेतो. लंडन बाहेर गेलंय, हे मलाही बघता आलं असतं."

मी रस्त्यात रडले. उणे नऊ होतं, गालावर गोठलं.

तर हिशेब असा, इस्मो. फोनही माझाच आणि राउनोचं नाव घेणारी जीभही माझीच. त्यातले दहा टक्के राउनोने नेले. माझ्याकडे नव्वद आहेत. माफी मागत नाही, कारण तुझ्या-माझ्यात तो शब्द कधी वापरला गेला नाही आणि मला तो नीट म्हणता यायचा नाही. एवढंच विचारते, यातले तू किती घेतोस? काहीच घेतलं नाहीस तरी छप्पर इथेच आहे, आणि त्याखालची खोली तुझीच आहे.

सेया


राउमा, १६ डिसेंबर

इस्मो,

कार्ड आलं. चित्र कसलं ते मी अजून पाहिलेलं नाही, कारण पोस्टमनने ते पालथं दिलं आणि मागे एकच शब्द होता.

"पन्नास."

मी पायरीवर बसले. पोस्टमन म्हणाला, "सालमेलाबाई, वाईट बातमी का?" मी म्हटलं, "नाही. भाऊ पन्नास म्हणतोय." तो म्हणाला, "अभिनंदन," आणि गेला. त्याला वाटलं, तुझा वाढदिवस.

राउनोचे दहा, तुझे पन्नास. चाळीस माझ्याकडे राहिले. ते मी कोणाला देणार नाही, ते माझेच आहेत. पण चाळीस उचलून चालता येतं, हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

राउनो तुला घ्यायला तेवीस तारखेला हेलसिंकीच्या बंदरावर येतोय, म्हणाला तिकीट तू आधीच काढलंयस. नाताळचा सलगमाचा घट्ट गोड लगदा मी दोन दिवस आधी भट्टीत भाजायला ठेवीन, तुला करपलेली कड लागते म्हणून. तीन ताटं मांडतेय.

आणि हो, काल पुन्हा कर कार्यालयाला फोन केला. लंडनला भरलेली स्पर्धेची फी वजा करता येते का, एवढंच विचारायचं होतं. तीच मुलगी होती. म्हणाली, अर्ज करून बघता येईल, नाव काय?

मी फोन ठेवून दिला. नाव तू येऊन सांग.

सेया